हृदयविकाराचे बालपण : कोरियाच्या रणांगणापासून पुण्याजवळच्या सहा गावांपर्यंत

१/
आजचा धागा युद्धापासून सुरू होतो आणि लहान मुलांपाशी येऊन थांबतो. १८ जुलै १९५३ रोजी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. कोरियातील युद्धविराम तेव्हा अवघ्या नऊ दिवसांवर आला होता. अहवालाचे लेखक तीन लष्करी डॉक्टर होते : विल्यम एनॉस, रॉबर्ट होम्स आणि जेम्स बायर. रणांगणावर मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये त्यांनी शवविच्छेदनात तपासली होती. ज्यांच्या वयाची नोंद उपलब्ध होती, त्यांचे सरासरी वय २२ वर्षांच्या आसपास होते.

२/
यांपैकी ७७.३ टक्के तरुणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा रोग आढळला. कोणाच्या धमनीचे आतले अस्तर थोडेसे जाड झालेले, तर एखाद्याची मोठी शाखा पूर्णपणे बुजलेली. यांतील एकही जण हृदयविकाराने मेलेला नव्हता. मृत्यूचे कारण गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा. शिवाय हे सारे वैद्यकीय तपासणीत ‘तंदुरुस्त’ ठरवून भरती केलेले तरुण होते.

३/
या आकड्याने खळबळ का उडाली, हे समजण्यासाठी तत्कालीन समजूत लक्षात घ्यावी लागेल. धमन्या कठीण होणे हे केस पांढरे होण्यासारखेच वार्धक्याचे लक्षण मानले जाई. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावी हृदयविकाराचा सुप्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेली माणसे साधारण ३० ते ६२ या वयोगटातील होती. त्याहून लहान वयात शोधण्यासारखे काही असेल, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

४/
अर्थात ही गोष्ट पहिल्यांदाच दिसली असे नव्हे. पहिल्या महायुद्धात म्योंकेबर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मृत सैनिकांच्या शरीरांत असेच बदल नोंदवले होते. पण ते निरीक्षण वैद्यकाच्या मुख्य प्रवाहात रुजले नाही. शोध लागतो एकदा आणि तो ऐकला जातो दुसऱ्यांदा. वैद्यकाच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. पुढे व्हिएतनाममध्ये मृत्यू पावलेल्या १०५ सैनिकांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत रोगाचे प्रमाण ४५ टक्के निघाले, म्हणजे कोरियापेक्षा बरेच कमी. ७७ हा आकडा सांगताना ४५ हा आकडा गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र ४५ टक्के हेही विशीतल्या मुलांबद्दलचे प्रमाण आहे, हे विसरू नये.

५/
बाविसाव्या वर्षी जे दिसते त्याची सुरुवात कधी झाली असेल? न्यू ऑर्लिन्स येथील विकृतिशास्त्रज्ञ रसेल होल्मन यांनी १९५८ मध्ये याचे उत्तर दिले. वेगवेगळ्या कारणांनी मृत्यू पावलेल्या बालकांच्या व तरुणांच्या महाधमन्या त्यांनी तपासल्या, तेव्हा तीन वर्षांपुढील प्रत्येक बालकाच्या महाधमनीत चरबीच्या पिवळसर रेषा आढळल्या. १९६१ मध्ये त्यांनी एका लेखाच्या शीर्षकातच प्रश्न केला, की धमनीकाठिण्य हा बालकांच्या पोषणाचा प्रश्न तर नव्हे? येथे एक सावधगिरी हवी. अशी प्रत्येक रेषा पुढे रोगात परिणत होतेच असे नाही. अनेक विरूनही जातात. कोणाच्या विरतात आणि कोणाच्या वाढतात, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर मृतदेहांतून मिळणार नव्हते. त्यासाठी जिवंत मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे भाग होते.

६/
तो पाठपुरावा झाला लुइझियाना राज्यातील बोगालुसा या गावात. लाकूड कंपनीने वसवलेले हे गाव. तेथील लाकडाची गिरणी एके काळी जगातील सर्वांत मोठ्या गिरण्यांत गणली जाई. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. १९६५ मध्ये कु क्लक्स क्लॅनच्या हिंसेला तोंड देण्यासाठी येथील कृष्णवर्णीय नागरिकांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या सशस्त्र संरक्षक संघटनेची शाखा उभारली होती.

७/
त्यानंतर जेमतेम आठ वर्षांनी, १९७३ मध्ये, याच गावात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ जेराल्ड बेरेन्सन यांनी कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय अशा दोन्ही समाजांतील शाळकरी मुलांची एकत्र तपासणी सुरू केली. पहिल्याच फेरीत सुमारे ३,५०० मुले आली. पात्र मुलांपैकी दहांतील नऊंहून अधिक! उंची, वजन, रक्तदाब, रक्तातील चरबी यांची मोजणी झाली आणि हीच मुले मोठी होत गेली तसतशी पुन्हा पुन्हा मोजली गेली. असे दिसले, की वर्गात ज्याचा रक्तदाब इतरांहून वरचा, तो तरुणपणीही बहुधा वरच राहतो. ‘वय वाढले की आपोआप ठीक होईल’ हा दिलासा आकड्यांपुढे टिकला नाही.

८/
या अभ्यासाचा सर्वांत जड भाग पुढे आहे. यातील काही मुले-मुली लहान किंवा तरुण वयातच दगावली, बहुतांशी अपघातांत. अशा वेळी संशोधक कुटुंबीयांकडे शवविच्छेदनाची परवानगी मागत. वर्णद्वेषाचे घाव ताजे असलेल्या गावात, मूल गमावलेल्या आईबापांनी ती दिली. १९९८ मध्ये अशा २०४ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूसमयी त्यांचे वय २ ते ३९ वर्षांदरम्यान होते आणि यांतील अनेकांची जिवंतपणीची मोजमापे हाती होती. ज्यांच्यात एकही जोखीम नव्हती, त्यांच्या हृदयधमन्यांच्या आतील पृष्ठभागाचा १.३ टक्का भाग चरबीच्या रेषांनी व्यापलेला होता. ज्यांच्यात तीन-चार जोखमी एकत्र होत्या (वजन, रक्तदाब, रक्तातील चरबी, धूम्रपान), त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते.

९/
येथवरची कथा आपल्या परिचयाची वाटते. जादा खाणारे, जादा वजनाचे मूल आणि त्याचे भावी हृदय. वर्तमानपत्रांतून आपल्यासमोर येणारे चित्र हेच असते. पण याच काळात अटलांटिकच्या पलीकडे दुसरी कथा उलगडत होती आणि ती नेमकी उलट टोकापासून सुरू होते. तीही एका युद्धातूनच निघाली, हा योगायोग नव्हे. मुलांच्या शरीराची काळजी राज्यसत्तेला अनेकदा सैनिकांच्या चणचणीमुळेच वाटू लागते.

१०/
बोअर युद्ध, १८९९ ते १९०२. ब्रिटिश सैन्यात भरती होऊ पाहणारे शहरी कामगारवर्गातील तरुण मोठ्या संख्येने शारीरिक चाचणीत नापास होऊ लागले. साम्राज्य चालवायचे कोणी? १९०४ मध्ये ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला आणि अर्भकांच्या संगोपनाकडे एकाएकी लक्ष वळले. लंडनच्या उत्तरेला असलेल्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिकेची आरोग्यसेविकांच्या प्रमुखपदी आणि सुइणींच्या निरीक्षकपदी नेमणूक झाली. त्यांच्या देखरेखीखाली १९११ पासून परगण्यातील प्रत्येक बाळाची नोंद होऊ लागली. जन्मवजन किती, दूध आईचे की बाटलीचे, पहिल्या वाढदिवशी वजन किती. सेविका घरोघरी जात, बाळ तोलत आणि नोंदवहीत पौंडांचे आकडे लिहीत.

११/
या वह्या पुढे कपाटांत पडून राहिल्या. सुमारे पाऊणशे वर्षांनी साउदॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांना त्या हव्याशा वाटल्या, त्यामागे एक कोडे होते. १९८६ मध्ये त्यांनी व क्लाइव्ह ऑस्मंड यांनी इंग्लंड-वेल्सचे दोन नकाशे शेजारी ठेवले होते : १९२१-२५ मधील बालमृत्यूंचा आणि १९६८-७८ मधील हृदयविकाराच्या मृत्यूंचा. दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसले! हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग मानला जात होता. मग ज्या गरीब भागांत पूर्वी बाळे मरत, तेथेच आता प्रौढ माणसे हृदयविकाराने का मरत होती?

१२/
हर्टफर्डशायरच्या वह्यांतून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढण्यात आला. १९८९ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन १८ पौंड (सुमारे ८.२ किलो) किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराच्या मृत्यूंचा निर्देशांक १११ होता. राष्ट्रीय सरासरी १०० धरून हे गणित मांडलेले आहे. ज्यांचे वजन २७ पौंड किंवा अधिक होते, त्यांच्यात तो केवळ ४२. म्हणजे बाळसे न धरलेली बाळे मोठेपणी हृदयविकाराने अधिक मेली. १९९२ मध्ये बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी याची उपपत्ती मांडली. गर्भात अन्न तोकडे पडले की शरीर काटकसर शिकते, मेंदू वाचवण्यासाठी इतर अवयवांच्या वाढीला कात्री लावते. पुढे अन्न मुबलक मिळाले की हीच काटकसर अंगाशी येते.

१३/
टीकाकारांनी बार्करांना सहज सोडले नाही आणि ते योग्यच होते. कमी वजनाचे बाळ बहुधा गरीब घरात जन्मते, ते गरीब घरातच वाढते, पुढे धुराच्या कारखान्यात राबते. मग दोष गर्भाचा की आयुष्यभराच्या गरिबीचा? केवळ वह्यांवरून याचा निवाडा होत नाही. श्रीमंत-गरीब असा भेद न करता सर्वांवर एकाच वेळी कोसळलेली उपासमार सापडली, तरच काही सांगता येईल. दुर्दैवाने अशी उपासमार इतिहासात घडलेली होती.

१४/
१९४४ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समधील रेल्वे कामगारांनी जर्मनांविरुद्ध संप पुकारला. त्याचा सूड म्हणून पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखण्यात आली. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत माणशी दैनिक शिधा ४०० ते ८०० कॅलरींवर आला. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे २०,००० माणसे मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि उपासमार जशी आली तशीच एकाएकी संपली. या काळातही बाळे जन्मत होती आणि सुइणी व रुग्णालये त्यांची वजने लिहीत होती.

१५/
ही मुले १९ वर्षांची झाली तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्यांची तपासणी झाली. पुन्हा सैन्याचेच दफ्तर! सुमारे ३ लाख तरुणांच्या नोंदींवरून १९७६ मध्ये दाखवण्यात आले, की आईच्या गर्भारपणाच्या पूर्वार्धात उपासमार झालेल्यांत स्थूलता अधिक होती. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच झालेल्यांत मात्र ती कमी होती. पुढे ॲम्स्टरडॅममधील विल्हेल्मिना रुग्णालयात त्या काळी जन्मलेल्यांना पन्नाशीत तपासले, तेव्हा उपासमार गर्भात सोसलेल्यांच्या रक्तातील साखर अधिक निघाली. गर्भकाळाला स्वतःचे वजन आहे, हा बार्करांचा मुद्दा यामुळे बळकट झाला.

१६/
आता आपण आपल्या घराजवळ येऊ. १९८० च्या दशकात ऑक्सफर्डहून परतलेले डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. पाठ्यपुस्तकातला मधुमेही प्रौढ आणि लठ्ठ. समोर येणारे रुग्ण त्याहून तरुण आणि पुष्कळदा सडपातळ. पुस्तक खरे की माणूस? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांनी याच रुग्णालयात १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी परत बोलावले. जन्मवजन नोंदवलेलेच होते. ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासले, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांच्या रक्तात साखर व इन्शुलिन दोन्ही अधिक चढले. वय केवळ चार!

१७/
आठव्या वर्षी अशा ४७७ मुलांची पुन्हा तपासणी झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. सर्वाधिक जोखीम होती ती जन्मतः लहान, पण आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांना. म्हणजे ज्या मुलाकडे पाहून आजी समाधानाने ‘आता कसं अंग धरलंय’ म्हणते, तेच मूल.

१८/
यानंतर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. केईएम रुग्णालयाचे ग्रामीण काम त्याआधीपासूनच उभे होते. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपण ज्याला ओळखतो त्या वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी ते १९७० च्या दशकात रुजवले होते. नव्या अभ्यासात विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच झाली आणि मग गर्भारपणात आहार, श्रम, रक्त, सारे मोजले गेले. आईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. बाळाचे वजन सरासरी २.७ किलो. साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची.

१९/
बाळांची तुलना त्वचेची घडी चिमटीत धरून, टेपने घेर मोजून करण्यात आली. पुण्याची बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हे. पोटाचा घेर व दंड फारच लहान. म्हणजे आतले अवयव आणि स्नायू मार खाल्लेले. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. हाडकुळे दिसणारे हे बाळ आतून त्या मानाने चरबीयुक्त होते. वैद्यकात त्याला ‘थिन-फॅट’ बाळ हे नाव मिळाले.

२०/
२००४ मध्ये याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एक छायाचित्र छापले. दोघांचा वजन-उंची निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. शाळेतल्या तपासणीत ‘सडपातळ’ म्हणून पुढे सरकवलेला मुलगा कोणत्या रांगेत असायला हवा होता, हा प्रश्न त्या एका छायाचित्राने उभा केला.

२१/
येथे एका लोकप्रिय पोस्टचा समाचार घेणे भाग आहे. ‘इंग्रजांच्या काळातील दुष्काळांमुळे आपल्याला मधुमेह होतो’ हे विधान आपण सर्वांनी वाचले असेल. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ भीषण होता, त्यातील सरकारी धोरण निर्दय होते, यात शंका नाही. उपासमारीतून ‘काटकसरी जनुके’ निवडली गेली असावीत, अशी कल्पना जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलीही होती. परंतु पुण्याच्या वह्यांत मोजले गेले ते दीडशे वर्षांपूर्वीचे पूर्वज नव्हेत, तर १९९० च्या दशकातील हयात आया. पणजोबांचा दुष्काळ सांगताना सुनेचे ताट दृष्टीआड होत असेल, तर तो इतिहासाचा गैरवापर आहे.

२२/
आणि ते ताट काय सांगते? पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या आहारात अधिक, त्यांची बाळे मोठी. शेतातले काम, पाणी भरणे असे कष्ट ज्यांना अधिक, त्यांची बाळे लहान. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस यांतून मिळते. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले, की ज्यांच्या आईचे ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. हा सहसंबंध आहे. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी फॉलिक आम्ल आवश्यकच असते, त्यामुळे यावरून कोणी त्या गोळ्या थांबवू नयेत.

२३/
एक खंत नोंदवतो. या संशोधनाच्या बातम्या मराठीत येतात तेव्हा मथळा बहुधा ‘आईच्या आहारामुळे मुलाला मधुमेह’ अशा वळणाचा असतो. ४२ किलो वजनाची स्त्री पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेव्हा तो तिचा ‘आहार’ नसतो, ती घराची आणि गावाची व्यवस्था असते. बर्नसाइडबाईंच्या परिचारिकाही इंग्लंडमध्ये आयांनाच उपदेश करत फिरत होत्या. बापाचे वेतन नोंदवायला त्या वहीत रकाना नव्हता.

२४/
सहा गावांतील ती बाळे २०१० च्या दशकात सज्ञान होऊ लागली. अठराव्या वर्षी ग्लुकोजची चाचणी झाली, तेव्हा मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १८ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत किंवा त्यापुढे पोचलेले होते. यांतील अनेकजण वजनाने कमीच होते. १९५३ च्या त्या अहवालातील सैनिकांप्रमाणे यांनाही कोणी पाहिले असते, तर ‘तंदुरुस्त’ म्हणून पुढे पाठवले असते.

२५/
याच तरुण-तरुणींना २०१२ पासून ‘प्रिया’ नावाच्या प्रयोगात ब-१२ च्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली. काहींना केवळ ब-१२, काहींना इतर सूक्ष्म पोषकद्रव्यांसह, काहींना औषधविरहित गोळी. पुढे त्यांची लग्ने झाली, मुले झाली आणि त्या मुलांच्या नाळेतील रक्ताची तपासणी झाली. १९९३ मध्ये ज्यांच्या आजीचे वजन एका गावातल्या तपासणीत लिहिले गेले होते, अशी ही तिसरी पिढी. तिचीही वजने आता त्याच अभ्यासाच्या दफ्तरात लिहिली जात आहेत.